बाख मोकळा, पण रेकॉर्डिंग कुणाचं? शास्त्रीय संगीत ऑनलाइन वापरण्याआधी करायच्या तपासण्या

पहिला क्लेम, म्हणजे 'तुमच्या व्हिडिओतलं संगीत आमचं आहे' असा दावा, आला तेव्हा मी चिडलो होतो. बाखच्या एका रचनेचा दोन मिनिटांचा तुकडा व्हिडिओला पार्श्वसंगीत म्हणून लावला होता. बाख १७५० साली गेला. त्याचे वारस आता कुठून उगवले, असं पुटपुटत मी आक्षेप नोंदवला आणि मोठ्या थाटात लिहिलं, "ही रचना अडीचशेहून अधिक वर्षं जुनी आहे." थोड्याच दिवसांत उत्तर आलं, आक्षेप फेटाळला. आणि दावा करणाऱ्या रेकॉर्ड कंपनीचं बरोबर होतं. माझ्या सीडीवरचा पियानो काही बाखने वाजवला नव्हता. तो वाजवणारा माणूस, त्याचं वादन टिपणारी कंपनी आणि ते टिपलं गेलं ते वर्ष, यांपैकी कशाचाच विचार मी केला नव्हता.

रचना मोकळी, म्हणजे कॉपीराइटमधून सुटलेली, असणं आणि रेकॉर्डिंग मोकळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्रीय संगीतात हा घोळ जास्त होतो, कारण रचना जुनी असल्याचं सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिथेच आपण निर्धास्त होतो. सिनेमाचं गाणं उचलताना जो हात थरथरतो, तो बीथोवन उचलताना थरथरत नाही.

खाली जी पद्धत देतोय ती मी स्वतः वापरतो. पहिल्यांदा एका रेकॉर्डिंगला अर्धा तास लागेल, सवय झाली की दहा मिनिटं. पैसे किंवा नोटीस यांचा प्रश्न उभा राहिला असेल तर मात्र वकिलाकडेच जा.

आधी पदर मोजा

ऐकायला एकच वाटणाऱ्या तुकड्यात हक्कांचे तीन-चार पदर असतात. मूळ रचना हा पहिला. त्या रचनेचं कुणी वेगळ्या वाद्यांसाठी रूपांतर केलं असेल किंवा जुन्या हस्तलिखितावरून नवी संपादित प्रत तयार केली असेल, तर तो दुसरा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क तिसरा. आणि ध्वनिमुद्रणाचा म्हणजे सहसा निर्मात्या कंपनीचा हक्क चौथा. गायन असेल तर शब्दांचाही हक्क वेगळा धरायचा. यातला एक जरी पदर जिवंत असला, तरी तेवढ्यापुरती परवानगी लागते. तीन पदर मोकळे आणि एक अडलेला, म्हणजे अख्खा तुकडा अडलेला.

पायरी पहिली: रचना कुणाची, आणि तो कधी गेला

भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार सांगीतिक रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हाच आकडा ७० आहे. अमेरिकेत १९७८पूर्वी प्रकाशित झालेल्या रचनांना मृत्यूचा हिशेब लागत नाही. तिथे प्रकाशनापासून जास्तीत जास्त ९५ वर्षं.

बाख, मोझार्ट, बीथोवन, शोपँ, चायकोव्हस्की यांच्याबाबत डोकं शिणवायची गरज नाही. गंमत सुरू होते ती विसाव्या शतकात. स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' १९१३ सालचं, अमेरिकेत केव्हाच मोकळं झालेलं. पण स्ट्राविन्स्की १९७१ साली गेला, म्हणजे भारतात ते २०३१ अखेरपर्यंत आणि युरोपात २०४१ अखेरपर्यंत अडलेलं. शंभरीपार गेलेली रचना आहे म्हणून सुटलो, असं इथे चालत नाही. जाहिरातींपासून ट्रेलरपर्यंत सगळीकडे वाजणारं 'कार्मिना बुराना' शब्दांमुळे मध्ययुगीन वाटतं, पण संगीत कार्ल ऑर्फचं, आणि ऑर्फ १९८२ साली गेला. भारतात २०४२ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. शोस्ताकोविच १९७५ साली गेला, तो २०३५ अखेरपर्यंत.

सगळ्यात फसवा नमुना म्हणजे 'आल्बिनोनीचा अडाजिओ'. आल्बिनोनी १७५१ साली गेला, त्यामुळे लोक तो बिनधास्त लावतात. प्रत्यक्षात ती रचना रेमो जाझोत्तो या इटालियन संगीत-अभ्यासकाची. त्याने ती १९५८ साली प्रकाशित केली आणि तो स्वतः १९९८पर्यंत जगला. भारतात ती २०५८ अखेरपर्यंत जिवंत आहे. नाव अठराव्या शतकातलं, हक्क एकविसाव्या शतकातला.

रूपांतराचंही तसंच. बाखचं 'टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर' ऑर्गनवर ऐकत असाल तर ते मोकळं. तेच मोठ्या ऑर्केस्ट्रावर गडगडत असेल तर बहुधा ते लिओपोल्ड स्टोकोव्स्कीचं रूपांतर असतं, आणि तो १९७७ साली गेला. मुसोर्गस्कीच्या पियानोसाठीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'ला राव्हेलने १९२२ साली ऑर्केस्ट्राचा साज चढवला; राव्हेल १९३७ साली गेला, त्यामुळे भारतात तो पदर केव्हाच मोकळा झालेला आहे. म्हणून वाद्यमेळ मूळचाच आहे का, हे मी हटकून बघतो.

संपादित प्रतींची भानगड कमी वेळा उद्भवते, पण ती खरी आहे. लिओनेल सॉकिन्स या अभ्यासकाने लालांद या फ्रेंच रचनाकाराच्या जुन्या संगीताच्या, वाजवता येतील अशा प्रती मोठ्या कष्टाने तयार केल्या होत्या. लालांद १७२६ साली गेलेला. हायपेरियन या कंपनीने त्या प्रतींवरून ध्वनिमुद्रण केलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. २००५ साली ब्रिटनच्या अपील न्यायालयाने सॉकिन्सच्या बाजूने निकाल दिला. स्वतःची नवी रचना न करता त्याला त्या प्रतींवर हक्क मिळाला. जर्मनीत अशा शास्त्रीय संपादनाला २५ वर्षांचं वेगळं संरक्षण आहे.

आपल्या संगीतात काय करायचं? राग कुणाच्या मालकीचा नसतो. यमनवर कुणाचा सातबारा नाही. ताल, ठेका, आलापीची पद्धत, हे सगळं सामायिक. बंदिशीचं मात्र बघावं लागतं. सदारंगाच्या नावाने चालत आलेली चीज सगळ्यांची. भातखंडे १९३६ साली गेले, म्हणजे त्यांनी स्वतः रचलेल्या लक्षणगीतांवरचा (रागाची लक्षणं सांगणाऱ्या गीतांवरचा) हक्क भारतात केव्हाच संपला. कुमार गंधर्व १९९२ साली गेले. त्यांच्या स्वतःच्या बंदिशी २०५२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत, मग त्या गाणारा दुसरा कुणी का असेना. बंदिश पारंपरिक की कुणा एकाची, हे सांगणं नेहमी सोपं नसतं. डागरवाणीतल्या, म्हणजे डागर घराण्याच्या परंपरेतल्या, एका ध्रुपद रचनेवरून दिल्ली उच्च न्यायालयात झालेल्या वादात २०२५ साली आधी एका न्यायमूर्तींनी तक्रारदाराच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, आणि काही महिन्यांतच दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो रद्द केला. न्यायमूर्तींचंच यावर एकमत झालं नाही. तेव्हा मुद्रेत, म्हणजे अंतऱ्यात गुंफलेल्या रचनाकाराच्या नावात, विसाव्या शतकातला रचनाकार दिसला की मी ती बंदिश जिवंत धरतो.

पायरी दुसरी: रेकॉर्डिंगचं खरं वर्ष शोधा

बहुतेक चुका इथेच होतात. सीडी हातात घ्या, उलटी करा, तळाची बारीक अक्षरं वाचा. वर्तुळात 'सी' हे चिन्ह असतं आणि वर्तुळात 'पी' हे दुसरं. 'सी' मुखपृष्ठ, मजकूर, मांडणी यांच्यासाठी असतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क 'पी' सांगतो. आपल्याला 'पी' हवा.

पण 'पी'पुढचं वर्षही डोळे झाकून घेऊ नका. जुन्या तबकडीवरून सीडी काढली की कंपन्या पुन्हा नवं वर्ष छापतात. त्यावर १९८७ असेल आणि आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात लिहिलेलं असेल की ध्वनिमुद्रण १९५४ सालचं. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये तर याहून गोंधळ. तिथे अल्बमखाली दिसणारं वर्ष बऱ्याचदा त्या डिजिटल आवृत्तीचं असतं. तबकड्यांच्या सूचींमध्ये, उदाहरणार्थ डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर, तीच तबकडी शोधा, सगळ्या आवृत्त्या वर्षाप्रमाणे लावा आणि सर्वांत जुनी उघडा. तिथल्या लेबलचा फोटो आणि कॅटलॉग क्रमांक टिपून ठेवा. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या तबकडीवर सहसा वर्ष छापलेलं नसतं. तिथे लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक कामाला येतो. तो अभ्यासकांनी केलेल्या सूचीत शोधला की ध्वनिमुद्रणाची तारीख सापडते.

आपल्याला दोन वर्षं लागतात, ध्वनिमुद्रण केव्हा झालं आणि ते पहिल्यांदा बाजारात केव्हा आलं. मुदत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या तारखेवरून मोजतात. फुर्टवेंग्लर या वाद्यवृंद-संचालकाने जर्मनीतल्या बायरॉइटला घेतलेली बीथोवनची नववी सिम्फनी १९५१ सालची, पण तबकडी आली १९५५ साली, फुर्टवेंग्लर गेल्यानंतर. हिशेबाला १९५५ धरायचं.

पायरी तिसरी: देशागणिक हिशेब

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क पहिल्या प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९६० साली आलेली तबकडी २०२० अखेरपर्यंत संरक्षित होती, १ जानेवारी २०२१ला मोकळी झाली. एवढी साधी बेरीज.

युरोपात आधी ५० वर्षं होती, २०११च्या निर्देशाने ती ७० झाली. पण जे आधीच मोकळं झालं होतं ते परत कुलूपबंद केलं नाही. त्यामुळे तिथे एक ठळक रेघ आहे. १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली रेकॉर्डिंग मोकळी, १९६३पासूनची ७० वर्षं बांधलेली. त्यांतली पहिली सुटणार २०३४च्या सुरुवातीला.

अमेरिकेचं गणित सगळ्यात विचित्र. १५ फेब्रुवारी १९७२पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तिथे केंद्रीय कॉपीराइटच नव्हता, राज्याराज्यांचे कायदे होते. २०१८च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने ती उतरंड लावली. १९२३पूर्वी प्रकाशित झालेली सगळी १ जानेवारी २०२२ला एकदम मोकळी झाली. १९२३ ते १९४६मधली प्रकाशनानंतर १०० वर्षांनी. १९४७ ते १९५६मधली ११० वर्षांनी. आणि १९५७पासून १५ फेब्रुवारी १९७२पर्यंतची सगळीच्या सगळी १५ फेब्रुवारी २०६७पर्यंत.

आता हे एका उदाहरणावर लावून बघू. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' १७४१ साली छापल्या गेल्या. ग्लेन गूल्ड या पियानिस्टने त्या दोनदा ध्वनिमुद्रित केल्या, दोन्ही वेळा न्यूयॉर्कमधल्या त्याच स्टुडिओत. पहिली खेप १९५५च्या जूनमध्ये, तबकडी १९५६च्या जानेवारीत. दुसरी खेप १९८१ साली, तबकडी १९८२ साली. रचना एक, वादक एक, खोली एक. पहिली भारतात २०१६ अखेरीस मोकळी झाली, युरोपात त्याआधीच, अमेरिकेत मात्र २०६६ अखेरपर्यंत बांधलेली. दुसरी भारतात २०४२ अखेरपर्यंत आणि युरोपात २०५२ अखेरपर्यंत बांधलेली. अमेरिकेत त्याहून लांब. वाद्यवृंद-संचालक कारायानच्या बीथोवन सिम्फनींचा १९६३ साली बाजारात आलेला संच घ्या. भारतात १ जानेवारी २०२४पासून मोकळा, पण युरोपाच्या रेघेपलीकडे एका वर्षाने पडल्यामुळे तिथे २०३३ अखेरपर्यंत अडकलेला.

मग इंटरनेटवर टाकताना कुठला देश धरायचा? नुसता भारत धरून पुरत नाही, असं माझं मत. मोठी व्हिडिओ आणि समाजमाध्यमं अमेरिकी कंपन्यांची आहेत, तिथल्या कायद्याने चालतात, आणि 'हा व्हिडिओ अमेरिकेत दाखवू नका' असं बटण सामान्य चॅनेलधारकाला मिळत नाही. फक्त भारतात मोकळं असलेलं रेकॉर्डिंग लावलं, तर कायद्याने तुम्ही इथे बरोबर असाल, पण क्लेम येणार हे गृहीत धरा. माझा नियम असा: चॅनेलवर कायम राहणारी गोष्ट असेल तर तिन्हीकडे मोकळं हवं. स्वतःच्या संकेतस्थळावर, इथल्याच श्रोत्यांसाठी असेल तर भारताचा हिशेब धरतो आणि पुरावे जवळ ठेवतो.

पायरी चौथी: फाइल कुठून घेतली

१९५६ची तबकडी मोकळी म्हणजे तिची कुठलीही फाइल मोकळी, असं नाही. खरखर काढून, आवाज उजळवून केलेल्या नव्या रीमास्टरवर वेगळा हक्क उभा राहतो का, यावर देशोदेशी वाद आहे. त्या वादात आपण कशाला पडायचं? मी शक्यतो मूळ तबकडीवरून थेट उतरवलेली प्रत घेतो. खरखर राहिली तर राहू दे. शिवाय स्वच्छ केलेली प्रत कंपनीने संगीत आपोआप ओळखणाऱ्या क्लेम-यंत्रणेत नोंदवलेली असते, तर खरखरीत प्रतीला यंत्र प्रत्येक वेळी ओळखतंच असं नाही.

स्ट्रीमिंगच्या वर्गणीतून उतरवलेली फाइल वापरायची नाही, मग रेकॉर्डिंग मोकळं का असेना. तुम्ही मान्य केलेल्या अटींमध्ये फक्त ऐकण्याची परवानगी असते.

मैफलीच्या टेपा: इथे थांबून वाचा

आपल्याकडे खरा प्रश्न जुन्या तबकड्यांचा नाहीच, तो आहे कपाटातल्या कॅसेटींचा. कुणाच्या तरी काकांनी पहिल्या रांगेत बसून, मांडीवर रेकॉर्डर ठेवून टिपलेली मैफल. बाजूला कुणी खोकतंय, मध्येच बाजू पलटताना द्रुताच्या चार आवर्तनांचा घास गेलेला. संगीत अप्रतिम, आणि 'हे लोकांपर्यंत पोहोचायला हवं' ही भावना अगदी प्रामाणिक. पण ते रेकॉर्डिंग टिपणाऱ्याने टिपलं म्हणून त्याला ते जगाला वाटण्याचा हक्क मिळत नाही.

भारतीय कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे आणि तो सादरीकरणानंतरच्या १ जानेवारीपासून ५० वर्षं टिकतो. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगने तो हक्क भंगत नाही, असं कायदाच सांगतो. काकांनी टेप केली, घरी ऐकली, शिष्यांना ऐकवली, इथवर ठीक. अपलोड केलं की ते खासगी राहत नाही.

आणखी दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. एक, तबलजी आणि हार्मोनियमवादकही कायद्याने कलाकारच आहेत. गायिकेच्या मुलाने 'टाका हो खुशाल' म्हटलं तरी साथीदारांची, किंवा ते गेले असतील तर त्यांच्या वारसांची, परवानगी राहतेच. दोन, ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे कधीच प्रकाशित न झालेल्या टेपेचं ते घड्याळ सुरूच होत नाही. १९५८ची टेप आहे म्हणजे मोकळी, हे तबकडीला लागू पडतं, टेपेला नाही.

परवानगी मागायला लोक संकोचतात. माझा अनुभव असा, की नीट विचारलं तर घरातली माणसं बहुधा हो म्हणतात, आणि न विचारता टाकलं तर नंतर दुखावतात. लेखी घ्या. चार ओळी पुरतात: कोणत्या मैफलीचं, किती मिनिटांचं, कुठे टाकणार, त्यावर पैसे मिळवणार की नाही, आणि काढून टाका म्हटल्यास किती दिवसांत काढणार. ही शेवटची ओळ असली की समोरचा निम्मा मोकळा होतो.

नभोवाणीवरून टेप केलेलं गाणंही याच खात्यात. प्रसारणावर प्रसारण संस्थेचा २५ वर्षांचा हक्क असतो आणि तो ध्वनिमुद्रणाच्या, कलाकाराच्या हक्कांहून वेगळा. तो संपला म्हणून बाकीचे संपले असं समजू नये.

कलाकाराच्या नैतिक हक्काचंही एक वाक्य. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलाकाराला आपलं नाव लावलं जाण्याचा, आणि प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क आहे. वेळेसाठी केलेली काटछाट त्यात येत नाही. पण बुजुर्ग गायकाचा आवाज ताणून, घुमवून जाहिरातीखाली लावणं हा वेगळा मामला.

मोकळी म्हणूनच केलेली रेकॉर्डिंग

एवढं सगळं नको असेल तर एक सरळ वाट आहे. काही कलाकारांनी रेकॉर्डिंग सर्वांसाठी खुली ठेवलीत. किमिको इशिझाकाने २०१२ साली 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' आणि २०१५ साली 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर'चा पहिला भाग लोकवर्गणीतून ध्वनिमुद्रित करून 'सीसी झीरो' म्हणजे बिनअट खुला केला. म्यूझोपेन या संकेतस्थळावर सिम्फनी आणि चौकडीसंगीत मिळतं, पण तिथे प्रत्येक रेकॉर्डिंगचा परवाना स्वतंत्रपणे बघायचा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल ज्यूकबॉक्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तबकड्या आहेत. अमेरिकी मरीन बँडसारख्या सरकारी वाद्यवृंदांची रेकॉर्डिंग तिथल्या कायद्यानुसार कॉपीराइटमुक्त असतात, मात्र ते वाजवत असलेली रचना मोकळी आहे ना, हे पहिल्या पायरीने तपासायचंच.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे कलाकाराने ठरावीक अटींवर सर्वांना दिलेल्या तयार परवान्यांत एक खड्डा आहे आणि त्यात मीही पडलोय. 'एनडी', म्हणजे बदल करू नका, अशी अट असलेलं संगीत आपण जसंच्या तसं व्हिडिओला लावतो आणि समजतो की बदल तर केलाच नाही. परवान्याच्या मजकुरात स्पष्ट म्हटलंय, की संगीत हलत्या चित्राशी वेळेने जुळवलं की ते रूपांतरच धरलं जातं. म्हणजे 'एनडी' संगीत व्हिडिओखाली चालत नाही. नुसतं ऐकवायला चालतं. याच न्यायाने 'एसए', म्हणजे त्याच अटींवर पुढे वाटा, असं संगीत लावलं तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. 'एनसी' म्हणजे व्यापारी उपयोग नाही, आणि जाहिराती चालू असलेला चॅनेल मी व्यापारीच धरतो. नवख्याने 'सीसी झीरो' आणि 'बीवाय', म्हणजे नाव दिलं की पुरे, एवढ्याच दोन चिठ्ठ्या शोधाव्यात.

स्वतः वाजवणं हा आणखी एक मार्ग, आणि मला तो सगळ्यात आवडतो. जुनी रचना, तुमचे हात, तुमचा माइक, रचना सगळ्यांची आणि बाकीचे दोन्ही पदर तुमचे.

समीक्षा, शिकवणं आणि काही गैरसमज

भारतीय कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी अभ्यास, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींची बातमी यांसाठी न्याय्य वापराला वाव आहे. त्यात सेकंदांचा आकडा नाही. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' हे या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी ते वर्षानुवर्षं फिरतंय. बघितलं जातं ते हे, की तुम्ही त्या तुकड्यावर काही बोलताय का, आणि जेवढं बोलताय तेवढंच घेतलंय का. दोन पियानिस्ट एकच ओळ कशी वेगळी वाजवतात हे सांगताना दोघांचे पंधरा-पंधरा सेकंद लावले, तर ती समीक्षा. विचार मांडताना मागे चार मिनिटं रेंगाळणारं संगीत लावलं, तर ती सजावट. खाली कलाकाराचं नाव देणं, 'हक्क मूळ मालकांचे' असं लिहिणं, पैसे न कमावणं, सीडी विकत घेतलेली असणं, यांपैकी कशानेही परवानगी मिळत नाही.

परवाना विकत घ्यायचा असेल तर कंपनीला थेट लिहा आणि चित्रासोबत जुळवण्याचा हक्क, म्हणजे 'सिंक', हवाय हे स्पष्ट म्हणा. सार्वजनिक ठिकाणी संगीत वाजवण्यासाठी पीपीएल किंवा आयपीआरएस या परवाना-संस्थांकडून घेतलेला परवाना हे काम करत नाही.

क्लेम आलाच तर

आधी शांतपणे वाचा. यूट्यूबवरचा कंटेंट आयडी क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरची शिक्षेची नोंद, नव्हे. ती यंत्राने जुळवलेली चिठ्ठी असते, आणि शास्त्रीय संगीतात यंत्र चुकतं, कारण एकच रचना शंभर जणांनी जवळपास सारखी वाजवलेली असते. २०१८ साली जेम्स ऱ्होड्स या ब्रिटिश पियानिस्टने स्वतः वाजवलेला बाख फेसबुकवर टाकला, तर त्यातले ४७ सेकंद आपले असल्याचा दावा एका मोठ्या कंपनीच्या नावाने आला. गाजावाजा झाला तेव्हा तो मागे घेतला गेला.

क्लेममध्ये कोणता मिनिट, कोणतं रेकॉर्डिंग, कोणाचा दावा, हे लिहिलेलं असतं. तिथल्या कलाकाराचं नाव तुमच्या फाइलच्या कलाकाराशी जुळत असेल आणि तुमचा हिशेब डळमळीत असेल, तर संगीत बदलून टाका, भांडू नका. नाव वेगळं असेल तर आक्षेप घ्या. पाच दिवसांच्या आत घेतला तर वादाच्या काळातली कमाई पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवली जाते. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. त्याने फेटाळलं तर अपील. तिथे त्याला ७ दिवस. अपिलानंतर त्याने रीतसर काढून टाकण्याची मागणी केली तर मात्र स्ट्राइक येतो, आणि तीन स्ट्राइकला चॅनेल जातो. म्हणून अपिलाआधी कागद पुन्हा एकदा तपासायचे.

आक्षेपाचा मजकूर रागाचा नको, आकड्यांचा हवा. माझा साचा असा असतो: "रचना: योहान सेबास्टियन बाख, मृत्यू १७५०. वादन: किमिको इशिझाका, २०१२. परवाना: सीसी झीरो, मूळ पानाचा दुवा सोबत. दाव्यात नमूद केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या कलाकाराचं आहे आणि ते या व्हिडिओत वापरलेलं नाही." अडीचशे वर्षांचा उल्लेख आता मी करत नाही.

भारतीय नियमांतही एक तजवीज आहे. हक्कदाराची लेखी तक्रार आली की संबंधित संकेतस्थळाने ३६ तासांत ती गोष्ट रोखायची असते, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती परत सुरू करता येते. स्वतःचं संकेतस्थळ दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आणि वही ठेवा. माझी साधी स्प्रेडशीट आहे, एका रेकॉर्डिंगला एक ओळ: रचना, रचनाकाराचं मृत्युवर्ष, रूपांतर कुणाचं, कलाकार, पहिलं प्रकाशन, भारत-युरोप-अमेरिका असे तीन रकाने, फाइल कुठून घेतली, आणि परवान्याच्या पानाचं तारखेसह चित्र. पानं बदलतात, परवाने मागे घेतले जातात, दुवे मरतात. आठवा रकाना रिकामा असेल तर तो व्हिडिओ त्या दिवशी वर चढत नाही. अमेरिकेचा रकाना तो, आणि बहुतेक वेळा तोच रिकामा राहतो.